डोळे मिटून माझीच वेबसाइट उघडली तेव्हा

बोलताना जिथे माझं "अं... म्हणजे..." झालं होतं ते लिहून काढताना गाळलंय, बाकी मजकूर तोच आहे. कोडमधल्या गोष्टी मी तोंडीच सांगितल्या होत्या, त्या इथेही तशाच ठेवल्यात.

गेल्या मे महिन्यात धुळ्याहून माझ्या मित्राचा फोन आला. आम्ही दोघं बारावीला जळगावात एकाच क्लासला होतो. तेव्हाच त्याची नजर कमी व्हायला लागली होती, कॉलेज संपेपर्यंत पूर्ण गेली. आता तो देवपूरला घरी राहून बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. त्या परीक्षेत कॉम्प्युटरवर प्रश्न असतात, आणि माझ्या वेबसाइटवर कॉम्प्युटरच्या नोट्स आहेत, चक्क मराठीत. बीटेकला असताना हौसेने बनवलेल्या. मी त्याला मोठ्या रुबाबात म्हटलं होतं, "कुठे शोधत बसतोस? माझ्या साइटवर सगळं आहे, वाच."

दोन दिवसांनी त्याचा फोन. उचलल्या उचलल्या म्हणाला, "भाऊ, तुनी साइटमा काहीच नई शे!"

खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी: तुझ्या साइटमध्ये काहीच नाहीये. मी हसलो. म्हटलं, नेट स्लो असेल. तर तो म्हणाला, नेट ठीक आहे. त्याने फोन रीस्टार्ट केला होता, ब्राउझर अपडेट केला होता, आवाजाची सेटिंग बदलून पाहिली होती. शेवटी बहिणीच्या हातात फोन दिला, तर ती म्हणाली, "अरे, सगळं दिसतंय की!" मग त्याला वाटलं आपलाच फोन बिघडला. दोन संध्याकाळी त्याने त्यात घातल्या, आणि परीक्षा जवळ आलेली.

फोन बिघडला नव्हता, साइट बिघडलेली होती. आणि ती मी बनवली होती.

त्या रात्री मी माझ्या फोनवर टॉकबॅक चालू केलं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही ते बहुतेक असेलच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून जे आपण कधी उघडत नाही, त्यात. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्राम. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो, दोनदा टॅप केलं की ती उघडते. करून बघणार असाल तर आधी बंद कसं करायचं ते शिका, कारण चालू झाल्यावर साधा टॅप चालत नाही आणि माणूस घाबरतो. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद एकत्र दाबून धरली की ते बंद होतं, पण ही शॉर्टकट सेटिंग आधी चालू करून ठेवायची.

मग मी डोळे मिटले आणि माझी साइट उघडली.

पहिल्यांदा आलं, "अनलेबल्ड, बटन." पुढे सरकवलं. "अनलेबल्ड, बटन." पुढे एक चित्र, ज्याचं नाव म्हणून फाइलचं नाव वाचलं गेलं: आयएमजी, अंडरस्कोर, आणि मग आठ आकडे. तेवढ्यात माझा पॉडकास्ट आपोआप सुरू झाला. हो, मी ऑटोप्ले ठेवला होता, भारी वाटतं म्हणून. आता एका कानात टॉकबॅकची बाई आणि त्यावर माझाच आवाज, "नमस्कार मंडळी!" मला तो बंद करायचा होता, पण बंद करायचं बटण कुठलं? त्या "अनलेबल्ड" पैकी एक. कुठलं ते कोण सांगणार?

मी दीड मिनिटात डोळे उघडले. मित्राला ती सोय नव्हती.

आता मुद्द्यावर येऊ. साइट यूजर-फ्रेंडली करायची म्हटलं की आपल्या डोक्यात रंग, फाँट, ॲनिमेशन येतं. माझ्याही आलं होतं. पण मराठी साइटचे प्रश्न जरा वेगळे आहेत, आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ते सापडत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्याला मराठी लिहायचीच नसते. म्हणून तेच आधी सांगतो.

माझ्या नोट्स तिथे का "नव्हत्या"? कारण त्या चित्रं होत्या. मोबाइलच्या डिझाइन ॲपमध्ये छान रंगीत कार्ड बनवायचं, त्यावर मराठी मजकूर टाकायचा, जेपेग म्हणून सेव्ह करायचं आणि अपलोड. असं का केलं होतं तर दोन कारणं. एक, तेव्हा काही जुन्या फोनवर मराठी फाँट मोडून दिसायचा, चित्र कुठेही सारखंच दिसतं. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला सोपं. आपल्याकडे सुविचारापासून भरतीच्या जाहिरातीपर्यंत सगळं असंच फिरतं. पण स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं म्हणजे अक्षरं नाहीत, नुसते ठिपके आहेत. त्यात सर्च होत नाही, कॉपी होत नाही, मोठं केलं की धूसर होतं. बहिणीला "सगळं दिसतंय" आणि भावाला "काहीच नई शे", दोघंही खरंच बोलत होते.

यावर झटपट उपाय असतो तो ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रामागे लपवलेलं वर्णन. फोटोसाठी तो बरोबर आहे. पण अख्खं पान भरून नोट्स असतील तर त्या ऑल्टमध्ये कोंबायच्या नसतात, सरळ टाइप करायच्या असतात. माझी ६३ कार्डं होती. पहिली दहा मी टाइप केली, मग फोटोतून अक्षरं ओळखणारं ॲप वापरलं, आणि मग त्याने जोडाक्षरांची जी वाट लावली ती दुरुस्त करत बसलो. वेळ जवळपास तेवढाच गेला.

काही जुन्या पीडीएफ होत्या, त्यांची गंमत अजून वेगळी. त्या युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. टायपिंगच्या दुकानात अजूनही असं काम मिळतं. यात होतं काय, की फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. कृतिदेव फाँटमध्ये "भारत" लिहिलंत तर आत साठवलं जातं एच, के, के, जे, आर. डोळ्याला भारत, कानाला "एच के के जे आर". पानच्या पान असं ऐकून बघा. अशा फायली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बरेचसे नीट काम करतात, रफार आणि पहिली वेलांटी मात्र हाताने तपासावी लागते.

दुसरी गोष्ट तर एका शब्दाची होती, आणि मी इंजिनिअर असून मला ती माहीत नव्हती. वेब पानाच्या एचटीएमएलमध्ये अगदी सुरुवातीला एक "लँग" नावाचा अॅट्रिब्यूट असतो. हे पान कोणत्या भाषेत आहे, ते तिथे लिहायचं. मी फुकटचं टेम्पलेट उचललं होतं, त्यात "ईएन" होतं, म्हणजे इंग्रजी. ते तसंच राहिलं. त्यामुळे स्क्रीन रीडरला सांगितलं जात होतं की बाबा रे, पुढचं सगळं इंग्रजी समजून वाच. काही इंग्रजी आवाज अशा वेळी देवनागरी अक्षरं चक्क गाळून टाकतात. शब्द आला की शांतता. म्हणजे जी दोन-चार पानं मी खरोखर टाइप केली होती, तीही त्याला ऐकू येण्याची खात्री नव्हती.

मग मी "एचआय" करून पाहिलं, हिंदी. म्हटलं लिपी तर एकच आहे. तर हिंदी आवाजाने वाचलं, "काम केलम्, झालम्, निघालम्." आपण "केलं" लिहितो आणि शेवटचा स्वर जरा लांबवतो. हिंदीच्या आवाजाला शेवटचा अनुस्वार दिसला की तो नाकातूनच म्हणणार. आणि माझं सगळं लिखाण असं बोलल्यासारखं, त्यामुळे ओळीला दोन "म्" ठरलेले. "चमचा" मधला दुसरा च हिंदीत वेगळा, "माझा" मधला झ वेगळा. आणि ळ! आमच्या जळगावच्या बाजूला ळ चा य होतो, केळीची केयी होते, ते आमचं आम्ही बघून घेऊ. पण फोनने परस्पर "केली" का करावी?

"एमआर" लिहिलं, आणि फोनमध्ये मराठी आवाज डाउनलोड केला. गूगलच्या अँड्रॉइडवरच्या आवाजांमध्ये मराठी आहे. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने तो सुरू केला. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजातही मराठी आहे, थोडी रोबोटसारखी, पण मराठी. एक शब्द बदलल्यावर माझं पान पहिल्यांदा मराठीत बोललं. पान दिसायला मात्र जवळपास होतं तसंच. जवळपास अशासाठी की ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे भाषा मराठी सांगितली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. ते बघून मला उगाचच बरं वाटलं.

अहिराणीचं काय, असं मित्राने विचारलं होतं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला स्वतंत्र कोड आहे, एएचआर. म्हणजे कागदोपत्री आपण आहोत. पण त्या कोडचा आवाज फोनमध्ये नाही, त्यामुळे तो कोड लिहिला तर फोन आपला नेहमीचा आवाज लावून मोकळा होतो. म्हणून पॉडकास्टमधल्या अहिराणी ओळींनाही मी सध्या मराठीच म्हणून ठेवलंय. "शे" आणि "नई" मराठी आवाज बऱ्यापैकी म्हणतो, ठेका मात्र पुण्याचा. मित्राला हे ऐकून जाम हसू येतं.

आता डोळ्यांकडे येऊ, कारण न दिसणं आणि नीट न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम जळगावच्या घरातून, त्यामुळे माझी दुसरी टेस्टर घरातच होती. आई. तिला चाळिशीचा चष्मा आहे आणि तो नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. तिच्या हातात फोन दिला तर तिने पहिल्यांदा काय केलं? दोन बोटांनी स्क्रीन मोठी करायला गेली. झालीच नाही. कारण टेम्पलेटमध्ये एक ओळ असते, यूजर-स्केलेबल, आणि तिथे "नो" लिहिलं होतं. डिझाइन हलू नये म्हणून बरेच जण हे करतात. काही ब्राउझर आता ही बंदी मानत नाहीत, पण सगळे नाही. आई म्हणाली, "असू दे रे, तू वाचून दाखव." ती ओळ मी तिच्यासमोरच काढून टाकली.

मग रंग. माझा मजकूर पांढऱ्यावर फिकट करडा होता. लॅपटॉपवर एसीत बसून बघितलं तर एकदम क्लासी. दोन रंगांतला फरक मोजायचं एक गुणोत्तर असतं, १ पासून २१ पर्यंत. पांढऱ्यावर काळा म्हणजे २१. वेब ॲक्सेसिबिलिटीचे जे जागतिक निकष आहेत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, ते साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ मागतात, मोठ्या अक्षरांना ३. माझं आलं २.८५. म्हणजे मोठ्या अक्षरांनाही नापास. आणि हे फक्त कमी दिसणाऱ्यांसाठी नाही हां. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जळगावच्या बस स्टँडवर उभं राहून फोन बघा. डोक्यावर ऊन, स्क्रीनवर ऊन, ब्राइटनेस फुल, तरी काही दिसत नाही. त्या वेळी तुमचे डोळे कितीही चांगले असोत, २.८५ वाचता येणार नाही. मी जवळपास काळ्यावर आलो. क्लासी गेलं, दिसायला लागलं.

मराठीची इथे अजून एक भानगड आहे. इंग्रजी टेम्पलेटमध्ये दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या सव्वापट वगैरे असतं. देवनागरीत वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीचा "ट्टू" खालच्या ओळीच्या "र्की" वर जाऊन बसतो. मी अंतर १.७ पट केलं आणि अक्षर १६ वरून १८ पिक्सेलवर नेलं, तेही स्थिर पिक्सेलमध्ये न देता अशा एककात की फोनच्या सेटिंगमध्ये कोणी अक्षर मोठं ठेवलं असेल तर साइटनेही ऐकावं. शीर्षकांना इंग्रजी स्टाइलने अक्षरांमध्ये मोकळी जागा दिली होती, ती काढली. त्याने शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं. दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफायही काढलं, कारण मराठी शब्द लांब, फोनची स्क्रीन अरुंद, मधेच ढगळ भगदाडं पडतात. फाँट म्हणून मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता घेतला. फुकट आहे आणि लहान आकारातही स्वच्छ दिसतो.

बटणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे कुठल्याही भाषेत सारखंच आहे. बटण असेल तर ते खरंखुरं बटणच हवं. मी नुसत्या चौकोनाला क्लिक लावून बटणासारखं रंगवलं होतं, स्क्रीन रीडरला तो चौकोन म्हणजे काहीच नाही. आयकॉनवालं बटण असेल तर त्याला नाव हवं: "भाग सुरू करा", "थांबवा", "मेनू". शीर्षक असेल तर नुसतं अक्षर जाड करून भागत नाही, त्याला हेडिंग म्हणून खूण करावी लागते, कारण न बघता वाचणारा माणूस अख्खं पान ऐकत नाही, तो हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो, आपण नजर फिरवतो तशाच. लिंकवर "इथे क्लिक करा" नको. लिंकांची यादी काढली की त्याला ऐकू येतं, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा. आणि आकार. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत बटणाला किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, अँड्रॉइडवाले ४८ सुचवतात. मी ४८ घेतलं. आमचे एक काका केळीच्या बागेतून फोन लावतात, हाताला चीक लागलेला असतो, अंगठ्याने स्क्रीनला स्पर्श करतात तो अंदाजानेच. २४ त्यांना पुरत नाही.

ऑटोप्ले गेला हे सांगायला नको. होमपेजवर तरंगणारे ठिपके होते, ते कॉलेजात तीन रात्री जागून केलेले. तेही काढले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण ज्यांना स्क्रीनवर सतत काही हललं की गरगरतं ते फोनमध्ये ॲनिमेशन कमी करायची सेटिंग लावतात, आणि माझी साइट त्यांचं ऐकत नव्हती.

एवढं सगळं करायच्या आधी मी एक शॉर्टकट शोधला होता. कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, साइट आपोआप ॲक्सेसिबल होते, अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्या आहेत. मित्राला विचारलं तर म्हणाला, ते चिन्ह असलेल्या साइटवर उलट जास्त त्रास होतो, ते मधेच बोलतं. नंतर वाचलं की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका कंपनीवर फसव्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि १० लाख डॉलर भरायला लावले.

मशीनच्या मार्कांवरही जाऊ नका. क्रोममध्ये लाइटहाऊस नावाची तपासणी असते, तिने माझ्या जुन्या साइटला ॲक्सेसिबिलिटीत ८४ दिले होते. ज्या साइटवर माझ्या मित्राला "काहीच नई" तिला ८४! मी सगळ्या कार्डांना ऑल्ट म्हणून नुसतं "नोट्स" लिहिलं असतं तर ते अजून वाढले असते. मशीन एवढंच बघतं की ऑल्ट आहे का, त्यात अर्थ आहे का ते त्याला कळत नाही. तरी ही साधनं निरुपयोगी नाहीत, कारण आपण साध्या चुकाच खूप करतो. वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख होमपेजची मशीनने तपासणी करते. २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर चुका सापडल्या, आणि सगळ्यात जास्त आढळलेली चूक होती फिका मजकूर. म्हणजे माझीच.

ऑफिसमधल्या एका कलीगने विचारलं, "एका माणसासाठी एवढं?" प्रश्न वाईट हेतूने नव्हता. एक माणूस नाही, हे पहिलं. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यात दृष्टीशी संबंधित अडचण असलेले ५० लाखांवर. दुसरं, हा उपकाराचा विषय राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन याचिकांवर एकत्र निकाल दिला. एक होती प्रज्ञा प्रसून आणि इतर ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची. केवायसी करताना फोन म्हणतो "डोळे मिचकावा", आणि ज्यांच्या पापण्याच जळाल्यात त्यांनी काय करायचं? दुसरी अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि २० निर्देश दिले. आता माझ्या छोट्याशा साइटला कोणी कोर्टात खेचणार नाही, ते मला माहितीय. पण "सगळं आहे, वाच" असं मी ज्याला सांगितलं, तो तर वाचू शकला पाहिजे ना?

आणि एक गंमत. ज्या एका गोष्टीत माझी साइट आधीपासून पास होती, ती म्हणजे हेच जे तुम्ही वाचताय. पॉडकास्टचा लेखी मजकूर. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएजीच्या सगळ्यात खालच्या पातळीवरही तो लागतो. मी तो सुरू केला होता फक्त गूगल सर्चमध्ये वर यावं म्हणून, पुण्य अपघाताने पदरात पडलं. आमच्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघू शकलं. ट्रान्सक्रिप्टचा कंटाळा आला की मी ही गोष्ट आठवतो.

ऑगस्टमध्ये नवी साइट झाली. मी एरंडोल-पारोळा करत एसटीने धुळ्याला गेलो, मुद्दाम, कारण फोनवर तो "चांगली आहे" म्हणून मोकळा झाला असता. त्याच्या घरी खाटेवर बसलो. त्याच्या फोनचा आवाज इतका वेगात लावलेला की मला एक शब्द कळेना. त्याने हेडिंगवरून उड्या मारल्या, "मेमरी आणि स्टोरेज" उघडलं, रॅम आणि रॉमचा फरक ऐकला. मग थांबला. म्हणाला, "इथे तक्ता आहे ना? त्यात कुठलं कशाचं ते कळत नाही. नुसते आकडे वाचतोय."

बरोबर होतं त्याचं. तक्त्यात वरच्या ओळीला मी शीर्षक म्हणून खूणच केली नव्हती, त्यामुळे प्रत्येक आकडा रॅमचा की हार्ड डिस्कचा हे कळायला मार्ग नव्हता. डोळे मिटून मीही तपासलं होतं, पण तक्ता मला पाठ होता, म्हणून अडलं नाही. लॅपटॉप काढून तिथेच दुरुस्त केलं. त्याने पुन्हा लावलं, ऐकलं, आणि पुढे सरकला. "चांगली आहे" म्हणाला नाही, वाचायला लागला. त्याच्या आईने शेवभाजी केली होती. ती झाल्यावर परत आलो.

मे महिन्यातली ती परीक्षा त्याने दिली होती, माझ्या नोट्सशिवाय. निकाल आला, पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचला नाही. तो म्हणतो, तुझ्या नोट्सने काही फरक पडला नसता, गणितात गेलं. असेलही. आता पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. ६३ पैकी ११ कार्डं माझी अजून टाइप व्हायची आहेत, त्यात नेटवर्किंगचा अख्खा धडा आहे. त्याला तो रविवारपर्यंत हवाय. म्हणून हा भाग इथेच थांबवतो, टाइप करायला बसतो.